संस्था कोणाची?

‘ही संस्था आपली आहे, मग तिच्यात आपली माणसे किती?’ हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात कडवटपणा असतो आणि तो अगदीच निराधार असतो असे आम्ही म्हणणार नाही. फाटकावर ‘ख्रिश्चन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो, पण आत वर्गात ख्रिस्ती मुले थोडीच असतात. प्राध्यापकांतही तीच गत. मंडळीतील एखाद्या गरीब घरच्या मुलीला तेथे प्रवेश मिळत नाही, तेव्हा तिच्या बापाला वाटते की आपल्याच घराच्या उंबऱ्यावर आपल्याला अडवले. दुसऱ्या बाजूने दुसरा प्रश्न येतो. संस्था तोट्यात आहे, इमारतींना भेगा पडल्या आहेत, शहर वाढून जागेला सोन्याचा भाव आला आहे; मग विकून मोकळे का होऊ नये? हे दोन प्रश्न विचारणारी माणसे सभेत एकमेकांविरुद्ध बोलतात. दोघांनीही एक गोष्ट मात्र न तपासता धरून ठेवलेली असते, ती ही की संस्था आपली आहे. ते ‘आपली’ म्हणजे काय, एवढेच आज पाहावे असा आमचा विचार आहे.

प्रश्न जुनाच आहे. १९३०-३१ साली ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग हिंदुस्थानातील ख्रिस्ती महाविद्यालयांची पाहणी करून गेला. त्याच्यापुढेही अडचण हीच होती. कॉलेजे वाढली होती, विद्यार्थी वाढले होते, आणि ह्या वाढीत त्यांचे ख्रिस्तीपण कशात राहिले आहे हे सांगणे अवघड झाले होते. मुंबईचे विल्सन, नागपूरचे हिस्लॉप, पुढे १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी उभारलेले अहमदनगर कॉलेज, ही नावे आमच्या वाचकांच्या ओळखीची आहेत आणि त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्ही जरा आडवाटेचे उदाहरण घेतो, माळव्याचे. तेथे आपली भाषा बोलणारी माणसे आहेत, आपल्या मंडळ्यांतील कित्येकांची सोयरीक आहे, आणि ह्या प्रश्नाची सगळी अंगे तेथे एका टापूत पाहायला मिळतात.

इंदुरात होळकर, पश्चिमेस धारला पवार, ईशान्येस देवासला पवारांच्याच दोन पाती. माळव्यातील ह्या मराठी दरबारांच्या मुलखात कॅनडातील प्रेसबिटेरियन मंडळीचे मिशनरी १८७७ साली आले. होळकर सरकारशी त्यांचे आरंभी बरेच खटके उडाले. पुढे १८८७ साली रेव्हरंड जॉन विल्की यांच्या पुढाकाराने इंदुरात ख्रिश्चन कॉलेज निघाले. धार आणि देवास येथे त्या वेळी कॉलेज नव्हते. हायस्कूलपुढे शिकायचे तर घर सोडावे लागे, आणि तेव्हा हाताशी इंदूर होते. ह्या कॉलेजातून शिकून गेलेल्यांत सर्वांना ठाऊक असलेले नाव म्हणजे खांडव्याचे किशोरकुमार. त्यांची उपाहारगृहातील पाच रुपये बारा आण्यांची उधारी राहून गेली आणि तिचेच पुढे गाणे झाले, असे सांगतात. मिशनरी मंडळींनी कॉलेज काढताना डोळ्यांपुढे जे फळ ठेवले होते त्यात हे खचितच नव्हते! त्यांना वाटत होते की उच्चवर्णीय तरुण शास्त्र आणि शास्त्रवचन एका बाकावर शिकतील आणि ख्रिस्ताकडे येतील. तसे येणारे फार थोडे निघाले. बाकीचे हजारो शिकले, नोकऱ्यांना लागले, आणि कॉलेजविषयी कमीअधिक कृतज्ञता बाळगून आपापल्या देवघरात नमस्कार करीत राहिले. ह्याला अपयश म्हणावे काय? त्याचे उत्तर आम्ही पुढे शोधू.

आधी धारला जाऊ. इंदुरास कॉलेज निघण्यापूर्वीच मिशनच्या डॉक्टर स्त्रिया माळव्यात आल्या होत्या. पहिल्या डॉ. एलिझाबेथ बीटी, १८८४ साली. त्यांच्यामागून डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या. १८९१ साली डॉ. मार्गारेट ओहारा आल्या आणि काही वर्षांनी धारला जाऊन त्यांनी तेथे काम उभे केले. पडद्यातील बाया पुरुष डॉक्टरपुढे येत नसत. बाळंतपणात मरत, पण येत नसत. त्यांच्यासाठी बाईने चालवलेला दवाखाना धारला उभा राहिला. जागा दरबाराने दिली. पैसा पाठवला तो कॅनडातील खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांच्या मिशन मंडळाने. ह्या बायांपैकी बहुतेकींनी धार हे नाव नकाशावर शोधूनच काढले असेल.

ह्या तिन्ही डॉक्टर बाई शिकल्या त्या एकाच गावी, कॅनडातील किंग्स्टन शहरात. तेथील क्वीन्स विद्यापीठ प्रेसबिटेरियन मंडळीनेच १८४१ साली स्थापन केले होते. परंतु मंडळीचे विद्यापीठ म्हणून तेथे मुलींची वाट मोकळी होती असे कोणी समजू नये. १८८२-८३ च्या सुमारास तेथील वैद्यकीय वर्गात मुली बसू लागल्या, तेव्हा मुलांनी गिल्ला केला. मुलींना काढा, नाही तर आम्ही सगळे टोरांटोला जातो, अशी धमकी दिली. मुलींना त्या वर्गातून जावे लागले. मग किंग्स्टनच्या नागरिकांनी वर्गणी काढून १८८३ साली स्त्रियांसाठी वेगळे वैद्यकीय कॉलेज उभे केले. पुढच्याच वर्षी त्यातून तीन जणी डॉक्टर झाल्या आणि त्या तिघींपैकी एक, बीटीबाई, त्याच वर्षअखेर इंदुरात होत्या. ते छोटे कॉलेज पुढल्या दशकातच बंद पडले. त्यानंतर क्वीन्सच्या वैद्यकीय वर्गात पुन्हा मुलींना घेतले ते १९४३ साली. म्हणजे दहाअकरा वर्षे एक दार किलकिले राहिले, तेवढ्यात ज्या बाहेर पडल्या त्यांतल्या काही माळव्यात पोचल्या, आणि धारमधल्या कोणा सुताराची, कोणा शिलेदाराची सून बाळंतपणात वाचली.

वाचकहो, आता सांगा, धारचा तो दवाखाना कोणाचा? कागदोपत्री मिशनचा. पण मिशनच्या त्या कागदामागे दरबारची जमीन आहे, शेतकरीणबायांची नाणी आहेत, आणि किंग्स्टनच्या अशा नागरिकांची वर्गणी आहे ज्यांच्या मनात माळवा नव्हताच. शिवाय धारच्या बायांचा विश्वास आहे. परक्या धर्माच्या गोऱ्या बाईच्या हाती जीव सोपवणे ही काही लहान ठेव नव्हे. ‘आपली संस्था’ असे आपण म्हणतो तेव्हा ह्यांपैकी कोणाच्या वाट्यातून आपण बोलत असतो?

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, काहींना ती लागेल. ‘आपल्या वाडवडिलांनी उभारलेली संस्था’ हे शब्द सभेत फार सहज उच्चारले जातात. १८९९-१९०० सालचा दुष्काळ, ज्याला त्या मुलखात छप्पनचा काळ म्हणतात, त्यात मिशनने अनाथ झालेली मुले उचलून आणली, जगवली, शिकवली. माळव्यातील पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास त्या मुलांपासून सुरू होतो, आणि महाराष्ट्रातही अशी घराणी कमी नाहीत. त्या वेळी आपले आजेपणजे संस्थेत होते हे खरे. ते हातात पाटी घेऊन, पुढ्यात ताटली धरून होते. देणाऱ्यांच्या रांगेत ते नव्हते, घेणाऱ्यांच्या रांगेत होते. पुढे त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी तेथेच मास्तरकी केली, परिचारिका म्हणून रात्री जागवल्या, फाटकावर पहारा केला, आणि हे ऋण घामाने बरेच फेडले. त्याचा आदर आम्हांला आहे. पण ज्याला रस्त्यावरून उचलून घरात घेतले, त्याच्या नातवाने दाराशी उभे राहून नव्या येणाऱ्याला विचारावे की तू आमच्यापैकी काय, हे चित्र काही बरे दिसत नाही.

राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. तो मोलाचा आहे आणि त्यावर घाला येईल तेव्हा आपण लढलेच पाहिजे. गरीब ख्रिस्ती मुलीला प्रवेशात आधी विचारात घ्यावे, हेही आम्हांला न्याय्य वाटते. ती ख्रिस्ती आहे त्यापेक्षाही ती गरीब आहे म्हणून. तथापि कलम ३० आपल्याला काय करता येईल ते सांगते. आपण काय करावे, हे सांगणे घटनेचे काम नव्हे.

क्वीन्स विद्यापीठाचे पुढे काय झाले ते ह्या विषयाला फार जवळचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठ वाढले, खर्च मंडळीच्या आवाक्याबाहेर गेला. त्यातच १९०५ साली अमेरिकेत कार्नेगी यांच्या देणगीतून प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाचा निधी निघाला. त्याचा नियम असा की कोणत्याही पंथाच्या ताब्यातील कॉलेजला त्यातून पैसा मिळणार नाही. बरीच वर्षे वाद झाला. बापाने दिलेले नाव पैशासाठी टाकता काय, असे एक पक्ष म्हणे. शेवटी १९१२ साली विद्यापीठ आणि मंडळी कायद्याने विभक्त झाली. धर्मशिक्षणाची शाखा मंडळीकडे राहिली, बाकी सगळे सर्वांचे झाले. विद्यापीठ आजही उभे आहे आणि नावाजलेले आहे. मंडळीने मूल वाढवले आणि वयात आल्यावर घराबाहेर जाऊ दिले. घर त्यामुळे ओस पडले हे खरे, पण मूल जगले.

उलट उदाहरण अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातले आहे. ल्यूथरच्या अनुयायांपैकी मिसूरी सिनड म्हणून जी मंडळी आहे, तिने तेथे १९०५ साली एक लहान शाळा काढली, पाळक आणि शिक्षक तयार करण्यासाठी. शाळेचे कॉलेज झाले, कॉलेजचे कॉन्कॉर्डिया विद्यापीठ झाले. कॉन्कॉर्डिया म्हणजे एकमत, सलोखा. १५८० साली ल्यूथरपंथीयांनी आपल्या विश्वासमतांचा जो ग्रंथ एकत्र केला त्यावरून हे नाव त्यांना प्रिय आहे, आणि सिनडच्या अनेक कॉलेजांना तेच आहे. (आपल्याकडेही ल्यूथरन मंडळ्या आहेत, आंध्र व तामिळ प्रदेशांत मोठ्या, आणि महाराष्ट्राला लागून छिंदवाड्याकडे स्वीडिश मिशनने वाढवलेली.) पोर्टलंडचे विद्यापीठ गेल्या पंधरावीस वर्षांत झपाट्याने फुगले. एका खासगी कंपनीशी करार करून त्यांनी घरबसल्या संगणकावरून शिकण्याचे वर्ग काढले, हजारो शिक्षकांनी त्यांत नावे घातली, पैसा आला आणि त्याच्या भरवशावर खर्चही वाढला. पुढे विद्यार्थी घटले. १० फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर झाले की चालू सत्र संपताच, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस, विद्यापीठ कायमचे बंद होणार. पाच हजारांच्या घरात विद्यार्थी होते. एकशे पंधरा वर्षांची संस्था, आणि सूचना अडीच महिन्यांची! त्यात मार्चमध्ये महासाथ आली आणि निरोपही धड झाले नाहीत. कंपनीने कोट्यवधी डॉलरचा दावा लावला. २०२२ साली ते आवार ऑरेगन राज्याच्या सरकारी विद्यापीठाने विकत घेतले. मुलांच्या मानसिक आरोग्याचे काम तेथे आता चालते.

एवढेच असते तर आम्ही ही हकिकत सांगितली नसती. अमेरिकेत कॉलेजे बंद पडतात. त्याच सिनडचे अलाबामातील सेल्मा गावचे कॉलेज, जे १९२२ साली काळ्या समाजातील ल्यूथरन मुलांसाठी निघाले होते, तेही २०१८ साली बंद पडले. पण पोर्टलंडच्या विद्यापीठाच्या शेजारी फॉबियन नावाची सरकारी शाळा आहे, पुष्कळशी गरिबांच्या मुलांची. विद्यापीठाने शहराच्या शाळाखात्याबरोबर मिळून २०१७ साली ती नव्याने बांधली. विद्यापीठाचे शिक्षणविद्यार्थी तेथे शिकवायचे, मुलांच्या खाण्यापिण्याची आणि प्रकृतीची व्यवस्था पाहायची, आणि बालवाडीतले पोर ते पुढे डॉक्टरेटपर्यंत एकाच छपराखाली वाढू शकेल अशी कल्पना होती. कल्पना सुरेख होती. इमारतीवर तिसरा पावसाळाही पुरता गेला नसेल, तोच भागीदाराने दुकान आवरले. शाळा सरकारी म्हणून टिकली. पण त्या वस्तीला जो शब्द दिला होता तो कोणी दिला होता? सिनडने? विश्वस्तांनी? की ज्या प्रभूचे नाव त्या कामाला दिले होते, त्याच्या नावाने तो दिला गेला होता?

विश्वस्तांवर दगड टाकणे सोपे आहे. त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तिजोरीत पैसा नसताना पुढच्या वर्षाची फी घेऊन मुलांना आत घेणे ही लबाडी झाली असती. त्यापेक्षा बंद करणे प्रामाणिकपणाचे, असे कोणी म्हणेल, आणि आम्हांलाही ते पटते. संस्था मरू नये असा काही देवाचा नियम नाही. मंडळ्यासुद्धा मरतात, आसिया प्रांतातील सात मंडळ्यांना प्रकटीकरणात पत्रे आहेत, त्यांपैकी काही गावी आज दगडच उरले आहेत. आमची हरकत बंद करण्याला नाही. हिशेब बिघडतो तो एका रात्रीत बिघडत नाही. आत बसलेल्यांना तो दिसत असतो, आणि बाहेरचे विश्वासाने येत असतात. ज्या दिवशी आतल्यांना दिसले त्या दिवशी बाहेरच्यांना कळले काय, हा आमचा प्रश्न आहे. मालकाला असे विचारता येत नाही. तो म्हणेल, माझे दुकान, मी केव्हाही बंद करीन. कारभाऱ्याला मात्र विचारता येते.

कारभारी हा शब्द आपल्या शास्त्रात उगीच येत नाही. येथे द्राक्षमळ्याचा दाखला आठवावा. धनी परदेशी जातो, माळी राहतात, मळा पिकतो, आणि काही वर्षांनी माळ्यांना वाटू लागते की मळा आपलाच. कॅनडाचे मिशनरी परतले तेव्हा धनी परदेशी गेला असे काहींना वाटले असावे! पण तेही माळीच होते. पाळीचे काम संपवून गेले, एवढेच. त्यांच्या जागी आपली पाळी आली. दाखल्यातील माळ्यांचा अपराध त्यांनी आळस केला हा नव्हता. मळा त्यांनी चांगला राखला असेल. पीक कोणासाठी आहे हे ते विसरले.

मग पीक कोणासाठी? येथे खुद्द मार्टिन ल्यूथरचे मत नवल वाटण्यासारखे आहे. १५२४ साली त्याने जर्मनीतील सर्व शहरांच्या नगरपालकांना उद्देशून एक पत्र छापले आणि शाळा काढा, चालवा, अशी गळ घातली. हे पत्र त्याने मंडळीच्या अधिकाऱ्यांना लिहिले नाही, शहरांच्या कारभाऱ्यांना लिहिले. तोफा, रस्ते, बंधारे ह्यांवर दरसाल एवढा खर्च करता, मग एकदोन चांगल्या मास्तरांवर का करीत नाही, असे त्याचे म्हणणे होते. आणि तो ह्याच्याही पुढे जातो. आत्मा नाही, स्वर्ग नाही, नरक नाही असे क्षणभर धरले तरी, ह्या जगाचा संसार नीट चालावा म्हणून मुलामुलींसाठी शाळा हव्याच, असा युक्तिवाद तो करतो. सुवार्तेसाठी प्राण पणाला लावणाऱ्या माणसाने असे लिहावे! त्याच्या मते जगाचा संसार हाही देवाचाच कारभार आहे. न्यायाधीश नीट असावा, वैद्य नीट असावा, आईला वाचता यावे, ह्यांत देव राजी आहे. ते न्यायाधीश, वैद्य आणि आई ख्रिस्ती झाली नाहीत म्हणून शाळा वाया गेली, असे तो म्हणणार नाही.

आता इंदूरच्या कॉलेजविषयी मघाशी अर्धवट सोडलेला प्रश्न. मिशनरींना हवे ते फळ आले नाही, म्हणून ते अपयश काय? आम्ही म्हणतो, नाही. जे कॉलेज शेजाऱ्याला शिकवते आणि त्याबद्दल त्याच्या नावापुढे काही लिहून घेत नाही, ते आपल्या नावाला जागते. ते नावाला जागत नाही असे आम्ही केव्हा म्हणू? गरिबाच्या मुलापुढे देणगीची पावती ठेवली जाते तेव्हा. नेमणूक नात्यागोत्याने होते तेव्हा. शिपायाचा पगार सहा महिने थकतो आणि व्यवस्थापकांची मोटार नवी येते तेव्हा. त्या वेळी वर्गात शंभर टक्के ख्रिस्ती मुले असली तरी फाटकावरचा शब्द पुसून टाकावा.

ह्यावर आम्हांला एक आक्षेप नेहमी ऐकावा लागतो आणि त्यात तथ्य आहे. सर्वांची, सर्वांची म्हणत संस्था इतकी सर्वांची होते की शेवटी तिच्याविषयी कोणालाच काही वाटत नाही. क्वीन्ससारखे बळकट विद्यापीठ स्वतंत्र झाले तर जगते. आपले डबघाईस आलेले हायस्कूल सरकारच्या किंवा दुसऱ्या ट्रस्टच्या स्वाधीन केले तर पाच वर्षांत तेथे व्यापारी संकुल दिसेल. खरे आहे. म्हणूनच स्वाधीन करणे म्हणजे टाकून देणे नव्हे. बाप मुलगी सासरी पाठवतो तेव्हा घर पाहून पाठवतो. ज्याच्या हाती संस्था द्यायची तो गरिबाला आत घेईल काय, जुने नोकर सांभाळील काय, जागा विकणार नाही असे लिहून देईल काय, हे पाहावे लागते. ते पाहण्याची दमछाक नको म्हणून आपण दोनांपैकी एक करतो. छाती ठोकून ‘देणार नाही’ म्हणतो आणि संस्था कुजू देतो, किंवा कोणास न सांगता सौदा करतो.

आणि भांडतो. त्या बाबतीत देवासचे संस्थान आठवल्यावाचून राहत नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव ह्या पवार बंधूंनी अठराव्या शतकात ते वसवले. पुढे त्यांच्या वंशजांच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. गाव एक, टेकडीवरची देवी एक, आणि राजे दोन. दरबार वेगळे, वाडे वेगळे, अंमलदार वेगळे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने तेथे राहिले. पुढे १९५३ साली त्यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, त्यात तेथला नवा राजवाडा आहे: बांधकाम कधी पुरे होत नाही, आणि एका बाजूने बांधावे तो दुसरी बाजू ढासळते. महाराज मनाने थोर होते असे फॉर्स्टर सांगतात, पण खजिना आणि घर ह्यांतला फरक त्यांना राखता आला नाही. कर्ज झाले, आणि १९३३ साली ते राज्य सोडून पाँडिचेरीस गेले. चार वर्षांनी तेथेच वारले. १९४८ साली दोन्ही पाती आणि धारही मध्य भारतात विलीन झाल्या. संस्थाने गेली, संस्था मागे राहिल्या. आता त्या संस्थांत पाती पडल्या आहेत! एका ट्रस्टवर दोन समित्या, प्रत्येकीचा वेगळा शिक्का आणि वेगळा वकील. शाळेचे कौल गळतात आणि फीचा पैसा कोर्टात जातो. हे कोणत्या गावचे वर्णन आहे असे वाचकांनी आम्हांस विचारू नये. आपल्या गावचे नाही अशी खातरी करून घ्यावी.

एक करण्याजोगे काम सुचवतो. जुन्या मिशनच्या आवारांचे मूळ कागद कपाटांतून पडून आहेत. मराठी दरबारांनी जेथे जागा दिल्या तेथले कित्येक कागद मोडीत असतील, आणि मोडी वाचणारा आता समितीत सापडत नाही. त्यामुळे जागा कशासाठी दिली होती हे समितीलाच ठाऊक नसते. सातबारा किंवा नगरभूमापनाचा उतारा तेवढा पाहिला जातो, आणि त्यावर हेतू लिहिलेला नसतो. इतिहास संशोधक मंडळांतून आणि सरकारी पुराभिलेखागारांत मोडी वाचणारे अजून मिळतात. थोडी फी घेऊन ते देवनागरीत उतरवून देतात. प्रत्येक आवाराचा कागद असा उतरवून घ्यावा. नंतर एका रविवारी, उपासना संपल्यावर, तो मंडळीपुढे मोठ्याने वाचावा: कोणी दिली, कोणत्या साली, आणि कोणासाठी. शेजारच्या वस्तीतील ज्यांची मुले त्या शाळेत जातात, त्यांनाही त्या दिवशी बोलवावे.